कॅन्सरचं औषध विषाणूवर तपासताना

एझेडटी 1964 मध्ये कॅन्सरसाठी बनवलं, तिथे फसलं आणि 1987 मध्ये अमेरिकेत एचआयव्हीवरचं पहिलं मान्यताप्राप्त औषध ठरलं. हे ऐकून आमच्या लॅबमधला प्रत्येक नवा पोरगा औषध थेट विषाणूवरच तपासायला बघतो. थांब बाबा! आधी नुसत्या पेशींवर औषध घाल. कॅन्सरचं औषध पेशी मारायलाच बनलंय. पेशीच मेल्या तर विषाणू वाढणार कुठे? विषाणू घटल्याचा आकडा मात्र झकास दिसतो. माझे यात तीन आठवडे गेलेत.

96 खणांच्या प्लेटमध्ये पेशींवर औषध घातलं की एमटीटी घाल; जिवंत पेशी या पिवळ्या रंगद्रव्याला जांभळं करतात. जांभळा रंग फिका पडला की तो डोस बाद. तुलनेसाठी काही खणांतल्या पेशींवर औषधाशिवाय नुसतं डीएमएसओ, म्हणजे औषध विरघळवायचं द्रावक, ठेव. मग व्हेरो पेशींवर (माकडाच्या मूत्रपिंडाच्या) विषाणू अडला तरी माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींवर पुन्हा कर. कोविडच्या वेळी मलेरियाचं औषध क्लोरोक्विन तिथेच आपटलं.