जुनी पद्मिनी घेताय? आधी आरसीतल्या तारखा वाचा

जुन्या गाडीवर जीव जडलेला माणूस आधी क्रोम बघतो, मग सीट, आणि हॉर्न वाजवून झाला की विसार देऊन मोकळा होतो. मीही निघालोच होतो. 1984 ची प्रीमियर पद्मिनी, क्रीम रंग, इंजिन एका चावीत सुरू. मेकॅनिकने मात्र बॉनेटला हातही न लावता आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, मागितली.

ब्रिटनमध्ये गाडीचा नंबर टाकला की 2005 पासूनच्या वार्षिक तपासण्या ऑनलाइन दिसतात, नापास झाल्याच्या कारणांसकट. आपल्याकडे खासगी गाडीची अशी कुंडली मिळत नाही, ती जुळवावी लागते.

सुरुवात हिशोबापासून करा. खासगी गाडीची नोंदणी पहिली 15 वर्षं चालते. पुढे दर 5 वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण करावं लागतं. म्हणजे 1984 च्या गाडीची 1999, 2004, 2009 अशी साखळी हवी. मालकाकडे नुसतं स्मार्ट कार्ड असेल तर जुनं आरसी बुक मागा. कार्डावर शेवटची मुदत असते, मधली वर्षं नसतात. बुकात शिक्के असतात. माझ्या पद्मिनीच्या बुकात 2009 नंतरचा शिक्का थेट 2021 चा होता. मालक म्हणाले, "अहो, शेडमध्येच होती, वापरलीच नाही!" कौतुकाने म्हणाले. पण बारा वर्षं उभी गाडी म्हणजे आतून गंजलेली टाकी, कडक झालेले ब्रेकचे रबर आणि मॅटखाली सडलेला पत्रा. मॅट उचलली तर स्क्रूड्रायव्हर आरपार गेला.

मुदत आजही संपलेली असेल तर भाव पाडायला जागा आहे. एप्रिल 2022 पासून कारच्या उशिरा नूतनीकरणाला दरमहा 500 रुपये जादा लागतात. तीन वर्षांचे 18,000 झाले. नूतनीकरणाची फी आणि पर्यावरण कर वेगळा.

आता सरकारच्या परिवहन साइटवर गाडीचा नंबर टाका. मुदत, विमा, पीयूसी म्हणजे धुराच्या तपासणीचा दाखला, कर्जाचा बोजा दिसेल. एमएमसी, एमआरएच अशा अक्षरांनी सुरू होणाऱ्या जुन्या नंबरांची गाडी सापडली नाही तर लगेच घाबरू नका, कित्येक जुन्या नोंदी संगणकावर चढलेल्याच नाहीत. ती नोंद मालकानेच आरटीओत जाऊन करून घ्यावी, आणि व्यवहाराआधी. "नंतर होऊन जाईल" यावर विश्वास ठेवू नका.

मग चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला नंबर, आणि इथे घाई नको. नंबर कुठे ठोकलाय ते मेकॅनिकला विचारा, रॉकेलच्या बोळ्याने जागा पुसा, पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा. आरटीओ एजंट असाच छाप घेतात. आकडे एका ओळीत, सारख्याच खोलीचे उमटले पाहिजेत. एखादा 3 शेजाऱ्यांपेक्षा खोल दिसला, किंवा भोवतीच्या पत्र्यावर ग्राइंडरचे ओरखडे असले, तर नंबरात फेरफार झालाय समजा आणि चहा पिऊन घरी या. इंजिन नंबरही आरसीशी ताडून बघा. बऱ्याच पद्मिनींत पुढे दुसरं इंजिन बसलं; तो बदल आरसीत चढलेला नसेल तर पुढच्या तपासणीत तुम्हीच अडकाल.

पीयूसीची जुनी कागदं कोणी जपत नाही, मिळाली तर सोनं. त्यांवरचे आकडे वाचा. या काळातल्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांपर्यंत चालतो. नाहीतर मालकाला घेऊन समोरच नवीन पीयूसी काढा, खर्च किरकोळ आहे.

गाडी पन्नाशी ओलांडलेली आणि मूळ रूपात असेल तर 2021 च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. नंबरात 'व्हीए' येतं. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा मोजक्या कामांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज भाजीला जायचं असेल तर तो मार्ग तुमचा नाही.

क्रीम पद्मिनी मी शेवटी घेतलीच. पत्र्याच्या कामाचं गॅरेजकडून लेखी कोटेशन आणलं, तेवढी रक्कम वजा केली, आणि मालकी बदलाच्या फॉर्म 29 व 30 वर आरसीतल्याच मालकाची सही समोर बसून घेतली.