‘मेटल मशीन म्युझिक’ ऐकायचाय? आधी आवाज कमी करा

अमेरिकन रॉक गायक-गिटारवादक लू रीडचा हा १९७५ चा डबल अल्बम लावणार असाल, तर गाण्याची वाट पाहू नका. शब्द नाहीत, ठेका नाही, चाल नाही. गिटारी अ‍ॅम्प्लिफायरजवळ ठेवून उठवलेला फीडबॅक (स्पीकरचा आवाज पुन्हा गिटारीत शिरून उठणारी किंचाळी), टेपचा वेग बदलून थरावर थर चढवलेला, एवढंच. चार बाजू, प्रत्येकी साधारण १६ मिनिटं. पहिल्याच दिवशी चारही संपवायचा हट्ट नको, एक बाजू पुरे.

हेडफोन लावा, पण आवाज नेहमीपेक्षा खालीच ठेवा. सतत किंचाळणाऱ्या वरच्या स्वरांनी कान लवकर थकतात, आणि गंमत म्हणजे बारकावे कमी आवाजातच जास्त कळतात. आता डावा कान मोकळा करून फक्त उजवा ऐका, मग उलट. दोन्हीकडे वेगळंच काही चाललेलं असतं! एकच बारीक शिट्टीसारखा स्वर पकडून त्याच्या मागे जा. तो कुठे विरतो, कुठे दुसऱ्याला घासून थरथरतो, ते कळू लागेल.

तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार, म्हणजे तारा छेडल्यावर आपोआप उमटणारा गंधार, ऐकायची सवय असेल तर तुमची तयारी निम्मी झालीच आहे. अल्बमच्या वेष्टनावर रीडने ज्या अमेरिकन संगीतकार ला माँट यंगचा उल्लेख केलाय, तो किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य.

कानात गुणगुण सुरू झाली की लगेच थांबा. एलपीवर चौथी बाजू ऐकत असाल तर उठून सुई उचलावी लागेल, शेवटची खाच बंद वर्तुळाची आहे, त्यामुळे आवाज आपोआप थांबत नाही.