शिजियाझुआंगमध्ये बस्तान बसवताना कशानंतर काय करायचं

बीजिंग-शांघायबद्दल नेटवर ढिगाने माहिती मिळते, पण हबेई प्रांताच्या या राजधानीत मेडिकलला किंवा नोकरीला येणाऱ्यांना ती फारशी कामाला येत नाही, कारण इथे काउंटरवर इंग्रजी बोलणारं सहसा कुणी नसतं. म्हणून कळकळीने सांगतो, कामं क्रमानेच करा. इथे प्रत्येक कागद आधीच्या कागदावर अडलेला असतो.

सगळ्यात आधी पोलिस नोंदणी. हॉटेलात उतरलात तर हॉटेलवालेच करतात, पण भाड्याच्या घरात किंवा ओळखीच्या कुणाकडे राहणार असाल तर २४ तासांच्या आत त्या भागातल्या पोलिस चौकीत, इथे तिला पायछुसुओ म्हणतात, तिथे जायचं, पासपोर्ट, घराचा करार आणि घरमालकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स घेऊन, आणि जमलं तर घरमालकालाच सोबत न्या. मिळालेल्या कागदाचा फोटो काढून ठेवा. घर बदललं की परत नोंदणी. नोकरीचा किंवा लांब मुदतीच्या शिक्षणाचा व्हिसा असेल तर आल्यापासून ३० दिवसांत रेसिडेन्स परमिटचा, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचा, अर्ज करावा लागतो, तो शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, कारण मुदत उलटून राहिलात तर दिवसाला ५०० युआन, जास्तीत जास्त १०,००० युआन दंड आहे. शंका असेल तर १२३६७ ला फोन करा, इमिग्रेशनची हेल्पलाइन आहे, इंग्रजीतही बोलतात.

मग सिम, आणि सिमनंतर बँक. इथे आपल्या लोकांनी नावाकडे डोळ्यात तेल घालून बघायचं. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला चिकटून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आडनाव वेगळ्या ओळीत. सिमवाल्याने आडनाव आधी टाकलं आणि बँकवालीने वडिलांचं नाव गाळलं, किंवा नुसती मधली एक स्पेस राहिली, तरी पुढे बँक कार्ड वीचॅटला (इथलं चॅट आणि पैसे देण्याचं अ‍ॅप) जोडताना नाव जुळत नाही आणि पुन्हा सगळीकडे चकरा. त्यामुळे सिम घेताना सिस्टिममध्ये टाइप केलेल्या नावाचा फोटो काढा आणि बँकेत तोच दाखवून हुबेहूब तसंच लिहायला सांगा.

बँक खातं होईपर्यंत अलीपे या पैसे देण्याच्या अ‍ॅपला भारतातलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडून दुकानात पैसे देता येतात, फक्त इंटरनॅशनल व्यवहार निघण्याआधी चालू करून घ्या, आणि ओटीपीसाठी भारतातलं सिम रोमिंगवर जिवंत ठेवा. २०० युआनच्या वरच्या पेमेंटला ३ टक्के चार्ज लागतो. वीचॅटवर भारतात २०२० पासून बंदी आहे, म्हणजे ते इथे येऊनच टाकायचं, आणि नवीन खात्याला जुन्या वापरणाऱ्याकडून पडताळणी लागू शकते, कॉलेज किंवा ऑफिसातल्या कुणाला आधीच सांगून ठेवा. इथल्या सिमवर व्हॉट्सअ‍ॅप, गुगल चालत नाही, भारतीय सिमच्या रोमिंगवर चालतं, घरच्यांना तसं सांगून ठेवलं की ते काळजी करत बसत नाहीत.

घर घेताना भाडं बहुतेक तीन महिन्यांचं आगाऊ आणि एक महिन्याचं डिपॉझिट मागतात. पण खरा प्रश्न हीटिंगचा! शहराची सेंट्रल हीटिंग १५ नोव्हेंबर ते १५ मार्च चालते, पैसे घराच्या क्षेत्रफळावर असतात, ते कोण भरणार हे करारात लिहून घ्या. नोव्हेंबरचे पहिले दोन आठवडे घर गारठलेलं असतं, तेव्हा जाड रजई आणि गरम हवा देणारा एसी हवाच. हिवाळ्यात हवाही खराब होते, चांगले मास्क आणून ठेवा.

जेवणाची मात्र काळजी नको. हा गव्हाचा मुलूख आहे, शिवाय मंडईत मूग, मोड आलेले मूग, शेंगदाणे, कोथिंबीर, आलं-लसूण सगळं ताजं मिळतं, उसळ आरामात होते. हिंग, गोडा मसाला, तूरडाळ आणि पोहे मात्र घरून आणा. शाकाहारी असाल तर नुसतं मांस नको म्हणून भागत नाही, भाजीत खिमा किंवा मांसाचं पाणी येऊ शकतं, त्यामुळे दोन्ही नको असं चिनीत लिहून फोनमध्ये ठेवा. पावात भरून मिळणारं गाढवाचं मांस या प्रांतातला आवडीचा पदार्थ आहे, ज्यांना चालत नाही त्यांनी गाड्यावर आधी विचारा.

एखादा रविवार काढून मेट्रोच्या १ नंबर लाइनने लिएशी लिंगयुआन स्टेशनला जा. तिथल्या शहीद स्मारकात आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी आणि पुतळा आहे. १९३८ साली ते चीनला आले आणि १९४२ मध्ये याच प्रांतात वारले. इथे त्यांना के दीहुआ म्हणतात. शेजारच्या आजी-आजोबांना सांगा की मी त्यांच्याच राज्यातला, मग बघा कशा गप्पा सुरू होतात.

आजारी पडलात तर मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पासपोर्ट घेऊन सकाळी लवकर जा. आधी नंबर आणि पैसे, मग डॉक्टर, मग टेस्टचे पैसे, आणि रिपोर्ट घेऊन परत त्याच डॉक्टरकडे. त्रास आणि अ‍ॅलर्जी चिनीत लिहून न्या. अ‍ॅम्ब्युलन्स १२०, पोलिस ११०.

आणि चिनी नववर्षाच्या सुट्टीत कुठे जायचं असेल तर रेल्वेच्या १२३०६ या तिकीट अ‍ॅपवर पासपोर्टची पडताळणी महिनाभर आधीच करून ठेवा, तिकिटं १५ दिवस आधी खुली होतात आणि बघता बघता संपतात, शिवाय त्या दिवसांत गल्लीतली बरीच दुकानं बंद असतात, पीठ-डाळ आधीच भरून ठेवा.