‘रन’ या शब्दाचा नेमका अर्थ कसा ओळखावा

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदींची फेरतपासणी झाली, तेव्हा ‘रन’ने ‘सेट’ला मागे टाकले आणि या एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले गेले. इतके अर्थ कोणाला पाठ नसतात, इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनाही नाही. ते आजूबाजूचे शब्द पाहून अर्थ ठरवतात, आणि काय पाहायचे याचा क्रम एकदा अंगवळणी पडला की आपल्यालाही ते जमते.

प्रथम कर्ता पाहावा. कर्ता माणूस किंवा जनावर असेल आणि पुढे कर्म नसेल, तर ‘धावणे’ हा अर्थ बहुधा बरोबर असतो. नदी असेल तर ती वाहते, नाक असेल तर ते गळते, कापडाचा रंग असेल तर तो धुताना जातो, यंत्र असेल तर ते चालू असते आणि करार असेल तर तो अमुक तारखेपर्यंत लागू राहतो. या सर्वांमागे एखादी गोष्ट खंड न पडता पुढे जात राहण्याची कल्पना आहे, आणि मराठीत ही कल्पना ‘धावणे’पेक्षा ‘चालणे’ या क्रियापदात अधिक सामावलेली आहे. यंत्र, खटला, नाटक, दुकान हे सारे आपल्याकडे चालतच असते. म्हणून अनोळखी वाक्यात ‘रन’ दिसला की मनात आधी ‘चालणे’ घालून पाहावे, असे माझे मत आहे. पाठ्यपुस्तकात पहिल्यांदा शिकवलेला ‘धावणे’ हा अर्थ नंतरच्या वाचनात जितका उपयोगी पडतो, त्याहून अधिक आडवा येतो.

यानंतर कर्म आहे का ते पाहावे. मराठीत ‘चालणे’ आणि ‘चालवणे’ ही रूपे वेगळी असल्याने फरक लगेच कळतो. इंग्रजीत मात्र दोन्हींसाठी ‘रन’च येतो. ‘शी रन्स एव्हरी मॉर्निंग’ म्हणजे ती रोज सकाळी धावते, तर ‘शी रन्स अ हॉस्पिटल’ म्हणजे ती रुग्णालय चालवते. कर्म बदलले की मराठी क्रियापदही बदलते: चाचणी घेतली जाते, बातमी छापली जाते आणि धोका पत्करला जातो. ‘ही इज रनिंग अ फीवर’ या वाक्यात तर कोणी काही चालवत नाही. त्याला फक्त ताप आहे.

सर्वाधिक फसगत होते ती ‘रन’ला जोडून येणाऱ्या लहान शब्दांमुळे. ‘रन इन्टू’ घ्या. मोटार भिंतीला ‘रन इन्टू’ झाली तर ती धडकली, मित्राला ‘रन इन्टू’ झालो तर अचानक गाठ पडली, आणि खर्च लाखांत ‘रन इन्टू’ झाला तर तो लाखांच्या घरात गेला. येथे जोडी तीच राहते, अर्थ ठरतो तो तिच्या पुढच्या नामावरून. ‘रन आउट’मध्ये आणखी एक गुंता आहे: ‘टाइम रॅन आउट’ आणि ‘वी रॅन आउट ऑफ टाइम’ या दोन्ही वाक्यांत वेळच संपते, पण दुसऱ्यात कर्ता आपण असतो. ‘रन फॉर द बस’ म्हणजे बस पकडण्यासाठी धावणे; ‘रन फॉर प्रेसिडेंट’ म्हणजे अध्यक्षपदाची निवडणूक लढवणे. या दुसऱ्या अर्थी ब्रिटिश इंग्रजीत ‘स्टँड’ वापरतात, जे आपल्या ‘निवडणुकीला उभे राहणे’शी तंतोतंत जुळते.

‘रन’नंतर विशेषण आले तर त्याचा अर्थ साधारणपणे ‘होणे’ असा घ्यावा. विहीर ‘रन ड्राय’ झाली म्हणजे आटली, साठा ‘रन लो’ झाला म्हणजे कमी झाला.

रूपांकडेही लक्ष हवे. भूतकाळी ‘रॅन’ होते, पण भूतकालवाचक धातुसाधित पुन्हा ‘रन’च असते. त्यामुळे ‘अ फार्म रन बाय विमेन’ असा मथळा वाचताना स्त्रिया शेताजवळून पळाल्या असा भास होऊ शकतो. वास्तविक ते स्त्रियांनी चालवलेले शेत आहे. मागे सहायक क्रियापद नसताना ‘रन बाय’ दिसले, तर आधी ‘चालवलेले’ हाच अर्थ लावून पाहावा.

एवढे करूनही अर्थ लागला नाही, तर कोश उघडावा. मात्र कोणता कोश हाती आहे, हे ध्यानात ठेवावे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी आणि मेरियम-वेबस्टर अर्थ ऐतिहासिक क्रमाने देतात, त्यामुळे पहिला अर्थ सर्वांत जुना असतो, सर्वांत रूढ असेलच असे नाही. विद्यार्थ्यांसाठीच्या कोशांत नेहमीचे अर्थ आधी येतात, आणि ‘रन इन्टू’सारख्या जोड्या बहुधा नोंदीच्या शेवटी स्वतंत्र दिलेल्या असतात, जोडीचा अर्थ हवा असेल तर शोध तेथूनच सुरू करावा.