डाइक फोडताना बोगद्यात आलेलं पाणी कसं आवरलं

धुळे-नंदुरबार पट्ट्यात बेसाल्टमध्ये डाइक, म्हणजे भेगेत शिरून थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंती, जागोजागी आहेत. शिवारात काळ्या दगडाची लांबच लांब भिंत उभी दिसते, तीच. तिच्या एका अंगाला भूजल अडून राहतं. आमचा पाणीपुरवठ्याचा बोगदा साक्रीकडे अशाच एका डाइकला भिडला आणि तोंडावरच्या, म्हणजे खोदकाम चालू असलेल्या टोकाच्या, खडकातल्या सांध्यांतून (भेगांतून) पाणी उसळू लागलं. पंप लावले, ते पुरले. खरी काळजी वरच्या विहिरींची होती. एक आबा साइटवर आले नि म्हणाले, "भाऊ, मनी विहीर आटी गई." मी त्याच दिवशी ब्लास्टिंग थांबवलं.

पाणी उपसत पुढे जायचा आग्रह होता. मला तो पटला नाही, कारण उपसलेलं पाणी लोकांच्या विहिरींचंच होतं. आधी तोंडापुढे प्रोब होल, म्हणजे चाचणीची छिद्रं, मारून पाणी कुठल्या सांध्यातून येतंय ते पाहिलं. मग बोगद्याच्या घेराभोवती, किंचित बाहेर झुकती छिद्रं घेऊन सिमेंटचं ग्राउट, म्हणजे भेगा बुजवणारं सिमेंट-पाण्याचं मिश्रण, दाबाने भरलं. सुरुवातीला पातळ, सांधा ग्राउट घेतच राहिला की घट्ट. दाब हळूहळू वाढवायचा. घाई केली तर खडकच फाटतो. ग्राउट धरल्यावर तपासणीची छिद्रं मारली, त्यांतून नुसती ओल आली. तेव्हाच ब्लास्टिंग पुन्हा सुरू केलं, तेही कमी खोलीचं. पुढे तांबड्या बोलचा, म्हणजे लाव्हाच्या थरांमधल्या मऊ लाल मातकट खडकाचा, थर लागला, त्यावर लगेच शॉटक्रीट, म्हणजे दाबाने फवारायचं काँक्रीट, मारलं.

विहिरींची पातळी रोज टेपने मोजून वहीत लिहिली. आबांची विहीर सावकाश भरत गेली. अस्तरीकरण संपेपर्यंत त्यांना टँकर दिला.