घरच्या घरी मक्याच्या लाह्या: नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात आणि दमट पावसाळ्यात

जानेवारीत आणलेल्या पुड्यातल्या दाण्यांनी पहिल्या वेळी पातेले भरून लाह्या द्याव्यात आणि त्याच पुड्यातले उरलेले दाणे मे महिन्यात भाजायला घेतले, तर त्यांतले कितीतरी तळाशी काळे पडून राहावेत, हा अनुभव नागपुरातल्या पुष्कळ घरांच्या परिचयाचा आहे. अशा वेळी दोष गॅसच्या आचेला, पातेल्याला किंवा दुकानदाराला दिला जातो; खरे कारण मात्र बहुधा एवढेच असते, की दाण्याच्या आतले पाणी उडून गेलेले असते. लाही फुलते ती केवळ पाण्याच्या वाफेवर. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या, दिवसांत पारा 45 अंशांच्या आसपास जाणाऱ्या आणि जूनच्या मध्यानंतर एकाएकी दमट होणाऱ्या या शहरात ते पाणी सांभाळणे हेच लाह्यांचे निम्म्याहून अधिक काम आहे. उरलेले काम आचेचे आणि झाकणाचे.

लाहीच्या मक्याचे साल जाड आणि घट्ट असते, त्यातून वाफ सहजासहजी बाहेर पडत नाही, आणि आतला बराचसा भाग कठीण पिष्टाचा असतो. चांगल्या दाण्यात वजनाच्या साधारण 13.5 ते 14 टक्के पाणी असते. दाणा तापत गेला की हे पाणी वाफ होऊ पाहते, पण सालीमुळे कोंडले जाते. आतले पिष्ट त्या उष्णतेत आणि ओलाव्यात शिजून मऊ होते, आणि तापमान 180 अंश सेल्सियसच्या जवळ पोहोचले की आतला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे 9 पट होऊन साल फाटते. त्या क्षणी वाफ झटक्यात पसरते, मऊ पिष्टाला फुगवते, आणि ते पिष्ट लगेच थंड होऊन फुललेल्या स्थितीतच घट्ट होते. पाणी कमी असेल तर पुरेसा दाब तयार होत नाही आणि दाणा गणंग, म्हणजे न फुटलेला, राहतो. सालीला बारीकशी चीर असली तरी वाफ तिथून निसटते आणि परिणाम तोच होतो. पाणी जास्त असेल तर दाणा फुटतो खरा, पण लाही लहान, चिवट आणि दातांना चिकटणारी होते. फुटाळा तलावाच्या काठावर कोळशावर भाजून मिळणाऱ्या भुट्ट्याचे दाणे वाळवून लाह्या का होत नाहीत, याचे उत्तरही यातच आहे: त्या मक्याचे साल वाफ कोंडून ठेवत नाही. म्हणून दुकानात ‘पॉपकॉर्नचा मका’ असे स्पष्ट सांगूनच दाणे घ्यावेत.

इतवारीतल्या किराणा ओळीत हे दाणे सुटे मिळतात आणि स्वस्तही पडतात. हिवाळ्यात ते घ्यायला माझी काहीच हरकत नाही. उन्हाळ्यात मात्र उघड्या पोत्यात आठवडेच्या आठवडे पडून असलेला माल कोरडा झालेला असण्याची शक्यता मोठी असते, तेव्हा एप्रिल ते जून या काळात बंद पाकीटच घ्यावे, आणि त्यावरची पॅकिंगची तारीख अलीकडची असल्याचे पाहून घ्यावे. सुटे दाणे घेताना मूठभर हातावर पसरून पाहावेत; तुटके, भेगाळलेले किंवा किडीने टोकरलेले दाणे बरेच दिसले, तर तो माल सोडून द्यावा.

घरी आणल्यावर पाकीट कात्रीने कापून, रबर लावून कपाटात ठेवण्याची जी पद्धत आहे, ती इथल्या हवेला चालत नाही. दाणे लगेच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावेत, आणि ती बरणी शेगडीवरच्या फळीवर किंवा पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला लागून न ठेवता कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावी. डाळी-तांदळाप्रमाणे वर्षभराचा साठा वाळवणात घालण्याची आपल्याकडे चांगली सवय आहे. या दाण्यांना मात्र ऊन कधीही दाखवू नये.

कोरडे झालेले दाणे फेकून देण्याची गरज नसते. 500 ग्रॅम दाण्यांना 1 मोठा चमचा, म्हणजे सुमारे 15 मिलिलिटर पाणी घ्यावे. बरणी तीन-चतुर्थांशच भरावी, म्हणजे दाणे हलायला जागा राहील. पाणी घालून, झाकण घट्ट लावून बरणी चांगली हलवावी आणि पहिल्या दिवशी दर काही तासांनी पुन्हा हलवत राहावे, जेणेकरून पाणी तळाशी साचून तिथलेच दाणे भिजणार नाहीत. बाहेरून दाणे एका दिवसात कोरडे दिसू लागतात, पण पाणी आतपर्यंत मुरायला तीन-चार दिवस लागतात, आणि इथे घाई केली तर केलेले सगळे वाया जाते. चौथ्या दिवशी चमचाभर दाणे भाजून पाहावेत. तरीही गणंग बरेच राहिले, तर आणखी अर्धा चमचा पाणी घालून तेवढेच दिवस थांबावे. याहून जास्त पाणी एकदम घातले तर बुरशी धरण्याचा धोका असतो. उलट पावसाळ्यात उघडे राहिलेले दाणे चिवट फुलत असतील, तर ते ताटात पसरून पंख्याखाली काही तास ठेवावेत आणि पुन्हा थोडे भाजून पाहावेत.

आता गॅसवरची कृती. मला विचाराल तर सर्वांत चांगली लाही याच पद्धतीने होते, कारण आच, तेल आणि वाफ ही तिन्ही आपल्या हातात राहतात. 50 ग्रॅम दाणे, म्हणजे साधारण 4 मोठे चमचे, चार माणसांच्या चहाबरोबर पुरतात आणि त्यांच्या दीड ते दोन लिटर लाह्या होतात. त्यासाठी निदान 4 लिटरचा, जाड बुडाचा गंज, म्हणजे उभे पातेले, किंवा खोल कढई घ्यावी. दाणे तळाशी एकाच थरात पसरले पाहिजेत. एकावर एक थर झाले, तर खालचे जळतात आणि वरचे कच्चे राहतात, म्हणून जास्त लाह्या हव्या असतील तर दोन घाण्यांत कराव्यात.

तेल 1 मोठा चमचा पुरे. ते निवडताना त्याला धूर किती लवकर येतो, याकडे लक्ष द्यावे, कारण दाणा 180 अंशांपर्यंत तापायचा आहे. रिफाइंड सोयाबीन किंवा शेंगदाणा तेल आणि साजूक तूप ही उष्णता सहन करतात. विदर्भातल्या घरांत आवडीने वापरले जाणारे जवसाचे तेल यासाठी अजिबात वापरू नये. ते फार लवकर धुरकटते आणि कडवट होते. घाण्याच्या तेलाची चव मला प्रिय आहे, पण तेही लवकर धुरावते, तेव्हा ते हवेच असेल तर लाह्या झाल्यावर वरून चमचाभर शिंपडावे.

तेलात प्रथम फक्त तीन दाणे टाकून, झाकण ठेवून मध्यम आचेवर गंज तापवावा. तिन्ही दाणे फुटले की तेल योग्य तापले असे समजावे. मग गॅस बंद करून उरलेले सगळे दाणे घालावेत, गंज हलवून प्रत्येक दाण्याला तेल लावावे आणि अर्धा मिनिट तसाच थांबू द्यावा. हे अर्धे मिनिट पुष्कळ जण वगळतात, पण त्यातच सगळे दाणे जवळपास सारखे तापतात आणि नंतर एकदमच फुटू लागतात; नाहीतर पहिल्या लाह्या करपेपर्यंत शेवटचे दाणे तापतच राहतात. त्यानंतर पुन्हा मध्यम आच सुरू करावी. तडतड वाढली की दोन्ही बाजू सांडशीने किंवा जाड फडक्याने धरून गंज सतत हलवावा, म्हणजे न फुटलेले दाणे तळाशी येतात आणि लाह्या वर राहतात.

झाकण पूर्ण बंद ठेवू नये. फुटणारा प्रत्येक दाणा आपली वाफ बाहेर टाकतो, आणि ती गंजातच अडकली तर झाकणाला लागून पाणी होऊन लाह्यांवर पडते. झाकण एका बाजूला बोटभर सरकवून ठेवावे. त्या फटीचे तोंड आपल्याकडे नसावे, कारण तिथून तेलाचे शिंतोडे उडतात. बऱ्याच घरांत प्रेशर कुकरमध्ये लाह्या केल्या जातात. त्याचे बूड जाड असल्याने भांडे उत्तम आहे, मात्र त्याचे झाकण अडकवून कधीही लावू नये; दुसरे साधे ताट वर ठेवावे. दोन फुटण्यांमध्ये दोन-तीन सेकंदांचे अंतर पडू लागले की गॅस बंद करून लाह्या लगेच परातीत ओताव्यात. उरलेले चार दाणे फुटावेत म्हणून थांबलेल्याच्या लाह्या हमखास करपतात. इंडक्शनच्या शेगडीवर कृती हीच, पण ती तळ झटकन तापवते, म्हणून 1000 वॅटच्या आसपासच ठेवावी.

ज्यांना तेल नको असेल, त्यांनी हातगाडीवाल्यांची खडे मिठाची पद्धत घरी करून पाहावी. लोखंडी कढईत अर्धा किलो खडे मीठ चांगले तापवावे, त्यात दोन-तीन चमचे दाणे टाकून झाऱ्याने सतत परतावे, फुटू लागताच वर जाळीचे झाकण धरावे आणि धातूच्या चाळणीने लाह्या चाळून घ्याव्यात. गरम मीठ दाण्याला सर्व बाजूंनी सारखे तापवते, हा या पद्धतीचा मोठा गुण आहे. मीठ गार झाल्यावर डब्यात भरून पुढच्या वेळी पुन्हा वापरता येते.

मायक्रोवेव्हमध्ये पाकिटाशिवायही लाह्या होतात. मायक्रोवेव्हला चालणारे काचेचे मोठे, खोल भांडे घ्यावे, त्यात 50 ग्रॅम दाणे अर्ध्या चमचा तेलात घोळवून एका थरात पसरावेत आणि वर तशाच प्रकारच्या काचेचे ताट किंचित फट ठेवून झाकावे. 800 वॅटच्या यंत्रात साधारण तीन ते चार मिनिटे लागतात, पण घड्याळापेक्षा कानावर भरवसा ठेवावा: फुटण्याचा आवाज दोन सेकंदांच्या अंतराने येऊ लागला की यंत्र थांबवावे. भांडे हाताला चटका लागेल इतके तापलेले असते. मेलामाइनचे ताट, धातूचे भांडे, पिना मारलेली किंवा छापील कागदी पिशवी आत ठेवू नये. वर्तमानपत्राचा कागद तर नाहीच. मायक्रोवेव्ह लहरी मुख्यतः दाण्यातल्या पाण्यालाच तापवत असल्याने कोरडे पडलेले दाणे इथे गॅसपेक्षाही अधिक निराशा करतात.

तयार पाकिटाच्या एका बाजूच्या आत धातूचा बारीक थर दिलेला पट्टा असतो, जो लहरींनी स्वतः तापून दाण्यांना आणि तेलाला उष्णता देतो. ती बाजू खाली ठेवण्याची सूचना पाकिटावर असते आणि ती पाळली नाही, तर दाणे नीट तापत नाहीत. यंत्रावरचे ‘पॉपकॉर्न’चे बटण दाबून दुसऱ्या खोलीत जाऊ नये, कारण ते बटण पाकिटातल्या दाण्यांचा आवाज ऐकतेच असे नाही. पाकीट उघडताना तोंड चेहऱ्यापासून लांब धरावे. आतली वाफ भाजते.

मिठाचे खडे लाहीवर टिकत नाहीत, गळून तळाशी जातात. म्हणून मीठ मिक्सरमध्ये पिठासारखे बारीक करून घ्यावे आणि लाह्या गरम असतानाच, आधी चमचाभर पातळ तूप फिरवून, वरून भुरभुरावे. इथे बटरपेक्षा तूप श्रेष्ठ, कारण बटरमध्ये सुमारे 16 टक्के पाणी असते आणि ते लाहीला मऊ पाडते. गाडीवरच्या लाह्यांसारखा पिवळा रंग हवा असेल, तर दाणे घालताना तेलात चिमूटभर हळद घालावी. वायगावची हळद असेल तर रंग आणि वास दोन्ही चांगले येतात. तिखट मात्र तेलात घालू नये, ते जळते आणि घरभर ठसका उठतो. भिवापुरी मिरचीचे बारीक तिखट, काळे मीठ आणि किंचित पिठीसाखर एकत्र करून शेवटी लावलेली लाही मला इतर कोणत्याही मसाल्याच्या लाहीपेक्षा अधिक आवडते. संत्र्याच्या हंगामात सालीचा फक्त नारिंगी भाग किसून, सावलीत कडक वाळवून, पिठीसाखरेबरोबर वाटून ठेवावा. गोड लाह्यांवर तो फार सुंदर लागतो. पांढरा भाग आला तर कडवटपणा येतो.

गुळाच्या लाह्यांसाठी 75 ग्रॅम चिक्कीचा गूळ 1 चमचा तुपात मंद आचेवर वितळवावा आणि पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर तो कडक होऊन मोडेपर्यंत शिजवावा. मग गॅस बंद करून, गणंग निवडून काढलेल्या 50 ग्रॅम दाण्यांच्या लाह्या त्यात झटपट परतून तूप लावलेल्या ताटात पसराव्यात.

लाह्या झाल्यावर पाच मिनिटे परातीत उघड्या ठेवून उरलेली वाफ जाऊ द्यावी आणि मगच डब्यात भराव्यात. एरवी उन्हाळ्यात इथली हवा कोरडी असली, तरी कुलर लावलेल्या खोलीत ती दमट होते, आणि तिथे उघड्या वाटीत ठेवलेल्या लाह्या बोलता बोलता मऊ पडतात. पावसाळ्यात तर ही अडचण रोजचीच असते. गुळाच्या नसतील, तर मऊ पडलेल्या लाह्या कोरड्या कढईत अगदी मंद आचेवर तीन-चार मिनिटे परतून पूर्ण गार होऊ द्याव्यात, म्हणजे कुरकुरीतपणा परत येतो. वाढण्यापूर्वी परात हलवून तळाशी बसलेले गणंग काढून टाकावेत, कारण त्यांच्यावर दात तुटू शकतो. आणि चार वर्षांखालील मुलांना लाह्या देऊच नयेत, कारण त्या घशात अडकण्याचा धोका असतो.