थाई पाटी संस्कृतच्या आधाराने कशी वाचावी

बँकॉकच्या मोठ्या विमानतळाचं नाव रोमन पाटीवर ‘सुवर्णभूमी’ असं दिसतं. पुण्याहून गेलेला माणूस ते वाचून खूश होतो, परतीच्या दिवशी टॅक्सीवाल्याला तसंच सांगतो, आणि टॅक्सीवाल्याला काही उमगत नाही. कारण तो त्या नावाला ‘सुवन्नफूम’ म्हणतो. थाईतल्या हजारो शब्दांचं असंच आहे. थाई लिपी दक्षिणेतल्या पल्लव लिपीपासून ख्मेर लिपीमार्गे घडली. शब्द संस्कृत आणि पालीतून आले, त्यांचं लेखन बरंचसं मूळ रूपात राहिलं आणि उच्चार थाई जिभेने आपल्या वळणावर नेला. शाळेत तीन वर्षं संस्कृत घेतलेल्याकडे म्हणजे अर्धी किल्ली आहेच. उरलेली अर्धी म्हणजे उच्चारबदलाचे पाच-सहा नियम.

आधी शब्द निवडा

प्रत्येक थाई शब्दावर संस्कृत लादू नका. ‘नाम’ म्हणजे पाणी, ‘प्ला’ म्हणजे मासा, ‘खाव’ म्हणजे भात. हे आखूड, एका अवयवाचे (एका झटक्यात म्हणायच्या एकाच तुकड्याचे) शब्द अस्सल थाई आहेत. ‘नाम’ ऐकून आपलं नाम आठवलं तर फसगत ठरलेली. संस्कृत-पाली शब्द लांब असतात आणि कारभार, धर्म, शिक्षण, गावांची-माणसांची नावं यांत दाटीने भेटतात. थाई अक्षरं ओळखायला लागलात तर आणखी एक खूण मिळते: ठ, ढ, ध, भ, श, ष यांची अक्षरं दिसली की शब्द बहुतेक वेळा भारतीय वंशाचा निघतो. अपवाद आहेत, पण थोडे.

थाईत 44 व्यंजनं आहेत आणि त्यांचा क्रम आपल्या बाराखडीचाच आहे: क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, मग य र ल व. शेवटाकडे श, ष, स, ह आणि त्यानंतर चक्क ळ. ‘स ह ळ’ असं म्हणायची सवय असलेल्या मराठी माणसाने इथे जरूर थांबावं. हा ळ पालीतून आला आणि आज ‘ल’सारखा उच्चारला जातो, पण लिहिताना ळच लिहितात. खेळांना थाईत ‘कीला’ म्हणतात, ते पालीतलं कीळा, म्हणजे क्रीडा. घड्याळाला ‘नालिका’ म्हणतात, ती आपली नाडिका, घटिकापात्रातली. पुणे विद्यापीठात पाली शिकणाऱ्याला हे दोन्ही शब्द पाहताक्षणी कळतील. राजा चुलालोंगकोन याच्या नावातही हाच ळ आहे: चूळालंकरण, डोक्यावरचा अलंकार.

उच्चार उलटे कसे फिरवायचे

पहिला नियम सर्वांत जास्त कामाचा. वर्गातलं तिसरं आणि चौथं अक्षर दुसऱ्यासारखं वाजतं. ग-घ चा ख, ज चा छ, द-ध चा थ, ब-भ चा फ. म्हणून नगरचं ‘नखोन’, गुरूचं ‘ख्रू’ (शिक्षकाला आजही हाच शब्द), राजाचं ‘राछा’, भाषेचं ‘फासा’, दूताचं ‘थूत’. हा फ दोन्ही ओठ मिटून म्हणायचा, ‘फळ’मधल्यासारखा. इंग्रजी ‘फॅन’मधला फ थाईत वेगळं अक्षर आहे. रोमन पाटीवर ‘पी’पुढे ‘एच’ दिसलं की ओठ मिटा.

ख, ग आणि घ तिन्ही ‘ख’ वाजतात तर तीन अक्षरं ठेवली कशाला? ग-घ पूर्वी घोष होते, म्हणजे घशात कंप होऊन निघत. त्यांचा घोषपणा गेला आणि फरक स्वराच्या चढउतारात जाऊन बसला. थाईत पाच सूर आहेत, आणि अक्षर कोणत्या गटातलं यावर सूर ठरतो. त्यामुळे लेखन बदललं तर उच्चारही हलतो.

दुसरा नियम: प चा ब आणि त चा द. पुरीचं ‘बुरी’, पूजेचं ‘बूछा’, पापाचं ‘बाप’. टिळक रस्त्यावरच्या तिलकाचं तिथे ‘दिलोक’ होतं. हा नियम सरसकट लागत नाही. ‘प्र’ बहुधा तसाच राहतो (प्रदेशाचं ‘प्रथेत’, अर्थ देश) आणि तुला रास ‘तुला’च राहते. व कधी व राहतो, कधी फ होतो.

तिसरा नियम शब्दाच्या शेवटाचा, आणि नवशिके इथेच सर्वांत जास्त अडखळतात. थाईत अवयवाच्या शेवटी क, त, प, न, म, ङ, य, व एवढेच व्यंजनध्वनी चालतात. र आणि ल असले की त्यांचा न होतो. स, श, ष, च, ज, द यांचा त होतो. ब, भ आणि कधी व यांचा प होतो. शेवटचा ऱ्हस्व स्वर पुष्कळदा गळतो. आहाराचं ‘आहान’, आकाशाचं ‘आकात’ (अर्थ हवा), जातीचं ‘छात’ (अर्थ राष्ट्र), देवाचं ‘थेप’. शिवाय व्यंजनाने बंद झालेल्या अवयवात न लिहिलेला ‘अ’ थाईत ‘ओ’ ऐकू येतो.

हे सगळे नियम एकत्र आले की काय होतं ते ‘फोन’ या एका उच्चारावर पाहा. राजा भूमिबल याला थाई लोक ‘फूमिफोन’ म्हणतात: इथला फोन म्हणजे बल. सिरिफोन या बाईच्या नावातला फोन म्हणजे वर, देवाने दिलेला. झोपलेल्या बुद्धाच्या प्रसिद्ध मंदिराच्या नावात, वाट फ्रा छेतुफोनमध्ये, तो वन आहे: जेतवन. बल आणि वन यांचे फोन अगदी एकसारखे वाजतात, सूरसुद्धा तोच. ‘वर’ या अर्थाच्या फोनमधला ‘ओ’ मात्र लांब आणि उघडा, ‘ऑ’सारखा. फळालाही ‘फोन’च म्हणतात, फक्त सूर चढता. नुसत्या कानाने पुरता निवाडा होत नाही, लेखन बघावंच लागतं. आणि लेखनात ल, र, न स्वच्छ लिहिलेले असतात.

उरलेलं थोडक्यात. अक्षराच्या डोक्यावर बारीक गोल आणि त्यातून वर निघालेली शेपटी दिसली तर ते अक्षर लिहायचं, पण म्हणायचं नाही. या चिन्हाचं नाव ‘थन्थखात’, म्हणजे दंडघात. चंद्रातले शेवटचे ध्वनी असे मारून ‘चन’ उरतं, शुक्राचं ‘सुक’, आदित्याचं ‘आथित’. वारांची नावं यातूनच लागतात: वन आथित, वन चन, वन अंगखान (अंगारक), वन फुत (बुध). मात्र इंग्रजीतून घेतलेल्या शब्दांवरही हे चिन्ह असतं, तेव्हा तेवढ्यावरून मूळ संस्कृत ठरवू नका. दोन र जोडून आले की त्यांचा ‘अन’ होतो, आणि पुढे व्यंजन असेल तर नुसता ‘अ’: सुवर्ण ते सुवन्न, धर्म ते थम, कर्म ते कम.

सरावाला शहराचं पूर्ण नाव घ्या

1782 मध्ये ‘पहिला राम’ या थाई राजाने वसवलेल्या राजधानीला आपण बँकॉक म्हणतो. तिचं औपचारिक नाव रोमन लिपीत 168 अक्षरांचं भरतं. ते मोठ्याने म्हणा आणि तुकड्यातुकड्याने उलटवा.

क्रुङ थेप महानखोन: ‘क्रुङ’ म्हणजे राजधानी, हा शब्द आपला नाही. पुढे देव, महानगर. अमोन रत्तनकोसिन: अमर, रत्न, आणि कोसिन हे इंद्राचं नाव. महिन्थरायुत्थया: महेंद्र आणि अयोध्या. महादिलोकफोप: महा, तिलक, भव. नोप्फरत रात्छथानी बुरीरोम: नवरत्न, राजधानी, पुरी, रम्य. उदोम रात्छनिवेत महासथान: उत्तम, राजनिवेशन, महास्थान. अमोन फिमान अवतान सथित: अमर, विमान, अवतार, स्थित. सक्कथत्तिय वित्सनुकम प्रसित: शक्राने दिलेलं, विश्वकर्म्याने सिद्धीस नेलेलं.

‘रात्छ’मध्ये एकच ज दोनदा कामाला येतो. पहिला अवयव बंद करताना त, दुसरा उघडताना छ. विद्येचं ‘वित्थया’ असंच होतं. हे एकदा कानात बसलं की लांबलचक नावांची भीती जाते. ‘अमोन’च्या जागी आधी ‘बोवोन’ (प्रवर) होतं, राजा मोंगकुटने ते बदललं.

मग नकाशा उघडा. कान्चनबुरी, चोनबुरी (जलपुरी), छैयफूम (जयभूमी), नखोन पथोम (प्रथम नगर) सुटतील. उदोन थानी ही उत्तर धानी. दक्षिणेत सुरात थानी दिसेल आणि तिथली नदी तापी. ही खानदेशातल्या तापीचीच नामधारी आहे: राजा वज्रायुधाने 1915 मध्ये गावाला आपल्या सुरतेचं नाव दिलं आणि नदीला तिथल्या नदीचं. राजधानीतल्या विजयस्मारकाचं थाई नाव ‘अनुसावरी छै समोरफूम’. शेवटचे दोन शब्द जय आणि समरभूमी.

शब्द ओळखला तरी अर्थ तपासा

सर्वांत वाईट चुका नियम येऊ लागल्यावर होतात. ‘सोंगसान’ म्हणजे संसार, पण अर्थ कीव येणं. ‘फयायाम’ म्हणजे व्यायाम, पण अर्थ प्रयत्न करणं. ‘इत्छा’ म्हणजे मत्सर. ‘फक’ म्हणजे वर्ग, अर्थ राजकीय पक्ष. ‘महावित्थयालै’ हे विद्यापीठ. कॉलेजला नुसतं ‘वित्थयालै’. पदव्यांतही गफलत होते: ‘त्री’ पहिली पदवी, ‘थो’ (दोन) पदव्युत्तर, ‘एक’ डॉक्टरेट. एक सर्वांत वर. उलट ‘थनाखान’ (धनागार) म्हणजे बँक, ‘थोरसप’ (दूरशब्द) म्हणजे टेलिफोन, ‘रोत’ (रथ) म्हणजे गाडी, हे कळले की लगेच पटतात. हे सगळे शब्द थाई लोकांनी वापरून आपले केले आहेत. ‘आमचाच शब्द, तुम्ही चुकीचा म्हणता’ असं तिथे कुणाला सांगू नका.

शाकाहाऱ्यांनी दोन शब्द नीट समजून घ्यावेत. ‘मङसविरत’ म्हणजे मांसविरती. मांस नाही, पण अंडं आणि दूध असू शकतं, आणि फिश सॉसकडे कितीतरी स्वयंपाकी मांस म्हणून बघतच नाहीत. दुसरा शब्द ‘चे’, चिनी बौद्ध परंपरेतला. त्यात अंडं, मासा, फिश सॉस काही नाही, आणि कांदा-लसूणही वर्ज्य, चातुर्मासात पाळतात तसं. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं की ते दुकान चे. दरवर्षीचा नऊ दिवसांचा चे उत्सव बहुतेकदा आपल्या नवरात्राच्या आसपास येतो, तेव्हा असे झेंडे जागोजागी लागतात. एरवी ‘माय साइ नाम प्ला’ (फिश सॉस घालू नका) आणि ‘माय साइ कपि’ (कोळंबीची पेस्ट घालू नका) ही दोन वाक्यं थाई लिपीत लिहून जवळ ठेवा, कारण सूर चुकला तर बोललेलं पोचत नाही. हिरव्या करीच्या वाटणात कपि बहुधा आधीच असतं, ते मागाहून काढता येत नाही. पपईच्या सोम तमवर सुकी कोळंबी आहे का ते ‘चे’ नसेल तर विचाराच.

माणसाला हाक मारताना ‘खुन’ आणि पुढे पहिलं नाव. खुन म्हणजे गुण. ‘खोप खुन’, आभार, यातही तोच. आडनावाने हाक मारू नका: आडनावं कायद्याने 1913 मध्ये आली, आणि रोजच्या वापरात पहिलं नावच चालतं.

तारखा

महिने म्हणजे राशी. जानेवारी मकराखोम, फेब्रुवारी कुम्फाफन, एप्रिल मेसायोन, ऑगस्ट सिंगहाखोम. 31 दिवसांचा महिना ‘खोम’ने (आगम) संपतो, 30 दिवसांचा ‘योन’ने (आयन), फेब्रुवारी एकटा ‘फन’ने. एप्रिलमधलं सोंगक्रान म्हणजे संक्रांतच, पण मेषेची.

वर्ष बुद्ध संवताचं, आपल्यापेक्षा 543 ने पुढे. 2026 म्हणजे 2569. घरी कुणी थायलंडहून आणलेलं पाकीट असेल तर त्यावर ‘मोत आयु’ शोधा. मोत म्हणजे संपलं, आयु तुम्हाला माहीत आहे: वापराची मुदत. पुढे वर्ष दोनच अंकी असेल, समजा 69, तर त्यातून 43 वजा करा, 26 येईल. जुन्या शिलालेखावर किंवा फोटोवर जानेवारी ते मार्चची तारीख असेल आणि वर्ष 2483 च्या आधीचं, तर 543 ऐवजी 542 वजा करायचे. तेव्हा वर्ष 1 एप्रिलला बदलत असे. 1 जानेवारी 1941 पासून नवं वर्ष सुरू करायचं ठरलं, आणि 2483 हे वर्ष नऊच महिन्यांत संपलं.